नाचता येईना, तरी शिकवायचं

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ज्याने काढली त्याने शाळामास्तरांचा विचार केलेला नसावा. मास्तरांची अडचण वेगळीच असते. अंगण सरळ आहे, पोरं तयार आहेत, वेळापत्रकात तास आहे. फक्त मास्तरांना स्वतःला नाचता येत नाही, आणि समोरच्या चाळीस पोरांना तर शिकवायचंय. मग करायचं काय?

हा प्रश्न मला पडायचं कारण तसं काहीच नव्हतं. आमचा धंदा कोड लिहिण्याचा. पण लीड्सला ऑनसाईट असताना एका रविवारी वेकफिल्डजवळचा यॉर्कशर स्कल्प्चर पार्क बघायला गेलो. हिरवळीवर हेन्री मूरची अवाढव्य शिल्पं, आणि त्यांच्या सावलीत चरणाऱ्या मेंढ्या. ज्या जमिनीवर हे सगळं आहे ती ब्रेटन हॉल नावाच्या जुन्या हवेलीची. या हवेलीत १९४९ ते २००७ शिक्षकांचं कॉलेज होतं, आणि ते सुरू झालं मुळी संगीत, चित्रकला आणि नाट्य शिकवणारे शिक्षक घडवायला! खाण कामगारांच्या या भागात, युद्ध संपून चार वर्षं झालेली, साखर-लोणी अजून रेशनवर, आणि सरकार काय काढतंय, तर कलाशिक्षकांचं कॉलेज. हे वाचलं आणि किडा डोक्यात शिरला. तेव्हापासून बरेच शनिवार-रविवार यात गेले. आज जमेल तसं लिहून काढतो.

सुरुवात कवायतीपासून करायला हवी. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शारीरिक शिक्षण म्हणजे ड्रिल. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाई १८८१ साली लंडनच्या स्कूल बोर्डात आल्या आणि त्यांनी स्वीडिश पद्धतीचे व्यायाम शाळांत नेले. पुढे सरकारने शारीरिक शिक्षणाची पुस्तकं काढली, १९०९, १९१९ आणि १९३३ साली. १९३३ चं पुस्तक बरंच मवाळ आणि खेळकर होतं, पण साचा तोच. व्यायामांचे तक्ते. शिक्षकाने तक्ता उघडायचा, क्रमाने हुकूम द्यायचे, मुलांनी करायचं.

या तक्त्यांना हसू नका. ज्याला व्यायामातलं काही कळत नाही अशा शिक्षकाच्या हातात ते पूर्ण मदत देत होते. काय बोलायचं, कधी बोलायचं, सगळं छापलेलं. आपल्या लेझमीसारखंच. आमच्या शाळेत लेझमीच्या हातांना नंबर होते. पीटीचे सर शिट्टी वाजवून नंबर पुकारायचे आणि दोनशे पोरं एकदम वाकायची. मला लेझीम मनापासून आवडायची, आजही हलगी ऐकली की खांदे हलतात. पण तिथे कोणी 'तुला कसं वाकावंसं वाटतं' असं विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो. गंमत म्हणजे सरांनीही तेच केलं असतं.

तर कवायतीकडून स्वतःच्या मनाने हलण्याकडे जायचं कसं? पहिला उपाय आला रेडिओवरून. १९३४ पासून बीबीसीच्या शालेय प्रसारणात ॲन ड्रायव्हर या बाईंचा संगीत आणि हालचालीचा कार्यक्रम सुरू झाला. जिनिव्हाच्या एमिल जाक-दालक्रोझ या संगीतशिक्षकाने ताल अंगात भिनवण्याची जी पद्धत काढली होती, तिच्यात बाई तयार झालेल्या. शाळेच्या हॉलमध्ये लाऊडस्पीकर, अनवाणी मुलं, पलीकडून पियानो आणि एक प्रेमळ आवाज. आता तुम्ही मोठमोठं झाड व्हा, आता पानांसारखे गळून पडा, असा मामला. असे कार्यक्रम पुढे कित्येक दशकं चालले. आज साठी-सत्तरीत असलेल्या कुठल्याही इंग्रज माणसाला विचारा, बनियन-चड्डीवर झाड झाल्याची आठवण निघतेच.

रेडिओची सोय मोठी होती. ज्या खेड्यात एकच शिक्षिका पाच इयत्ता सांभाळते, तिथेही आठवड्याला एक चांगला तास पोचायचा. पण रेडिओला दिसत नाही. कोपऱ्यातल्या एका मुलीने आत्ता काहीतरी विलक्षण केलं, किंवा अर्धा वर्ग भरकटला, हे लंडनच्या स्टुडिओत बसलेल्या आवाजाला कळणार कसं? तो पुढच्या सूचनेवर गेलेला असतो. आणि शिक्षिका? ती भिंतीला टेकून उभी. वर्ग तिचा, तास दुसऱ्याचा. दहा वर्षं रेडिओ लावूनही तिला स्वतःला तास घेता येईलच असं नाही.

इथे आपल्या गोष्टीत रुडॉल्फ लाबान येतात.

हे गृहस्थ १८७९ साली आजच्या ब्रातिस्लाव्हात जन्मले. हालचाल कागदावर लिहून काढण्याची त्यांची लिपी १९२८ साली छापली गेली आणि ती आजही वापरात आहे. जर्मनीत त्यांचं नाव मोठं होतं. पण एक गोष्ट गाळून पुढे जाता येत नाही. नाझी सत्तेवर आल्यावर लाबान लगेच निघून गेले नाहीत. १९३३ साली ते बर्लिनच्या सरकारी ऑपेरात नृत्यप्रमुख असताना तिथल्या मुलांच्या वर्गातून 'अनार्य' मुलांना काढलं गेलं, आणि १९३४ पासून ते गोबेल्सच्या खात्यासाठी काम करत होते. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी सुमारे हजार जणांचं समूहनृत्य बसवलं, ते गोबेल्सला पसंत पडलं नाही, आणि मग त्यांचे दिवस फिरले. १९३८ च्या सुरुवातीला हा माणूस आजारी, कफल्लक अवस्थेत इंग्लंडमध्ये पोचला. मुलांच्या मुक्त हालचालीचा जो माणूस पुढे आधार झाला, त्याच्या खात्यावर हेही जमा आहे. त्याच्यावर लिहिणाऱ्या जुन्या भक्तमंडळींनी हा भाग बरीच वर्षं पुसट ठेवला होता.

लाबान पोचले ते डेव्हनमधल्या डार्टिंग्टन हॉलला. हे नाव बंगाली माणसाला लगेच ओळखीचं वाटेल. लेनर्ड एल्महर्स्ट यांनी १९२२ साली रवींद्रनाथांबरोबर श्रीनिकेतन उभं केलं, आणि इंग्लंडला परतल्यावर पत्नी डोरोथीबरोबर डार्टिंग्टनचा प्रयोग सुरू केला. उदय शंकरांचा मुक्कामही तिथे झाला होता, आणि त्यांच्या अलमोड्याच्या केंद्राला मदत मिळाली तीही याच कुटुंबाकडून. (त्या अलमोड्यात पुढे गुरुदत्त नावाचा एक पोरगा नाच शिकायला गेला. असो, तो वेगळ्या शनिवारचा विषय.)

युद्धात परदेशी म्हणून लाबान आणि त्यांच्या सहकारी लिसा उलमन यांना १९४० साली किनाऱ्याजवळचा भाग सोडावा लागला. ते वेल्समधल्या न्यूटाउनला गेले, तिथून मँचेस्टरला. मँचेस्टरला लाबाननी काय करावं? एफ. सी. लॉरेन्स या उद्योग-सल्लागाराबरोबर कारखान्यांत कामगारांच्या हालचाली बघायला सुरुवात केली. पुरुष लढाईवर, बायका मशीनवर. टायरच्या कारखान्यात जड टायर उचलणाऱ्या बायकांना त्यांनी सरळ उचलण्याऐवजी झोका देऊन, वजनाचा फायदा घेत हलवायला शिकवलं. या निरीक्षणांवर 'एफर्ट' हे पुस्तक १९४७ साली आलं, आणि शाळांसाठीचं 'मॉडर्न एज्युकेशनल डान्स' १९४८ साली.

आता खरी गंमत. लाबान म्हणतात, कुठल्याही हालचालीला तीन प्रश्न विचारा. जोर आहे की हलकी आहे? झटक्यात आहे की रेंगाळत आहे? थेट आहे की वळणावळणाने? (चौथा प्रश्न प्रवाहाचा, मोकळी आहे की धरून ठेवलेली, तो थोडा बाजूला ठेवू.) तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं. आमच्या भाषेत तीन बिट. म्हणजे आठ अवस्था! आणि त्या आठही अवस्थांना लाबाननी साधी, कामातली नावं दिली. जोरात, झटक्यात, थेट म्हणजे ठोसा. जोरात, रेंगाळत, वळणाने म्हणजे पिळणं, आई धुणं पिळते तसं. हलकं, झटक्यात, थेट म्हणजे टिपणं. त्यातलं थेट काढून वळण घाला की झाली टिचकी. जोरात पण हळू आणि थेट म्हणजे दाबणं. उरलेली तीन म्हणजे सपकन फटकारणं, घरंगळत सरकणं आणि तरंगणं.

हे वाचताना मी खुर्चीतून उठून आठही करून बघितली. बायकोने दारातून बघितलं आणि काही न बोलता निघून गेली.

यात शिक्षकाची सुटका कुठे आहे ते बघा. लेझमीत सरांना हात करून दाखवावा लागतो. इथे करून दाखवायचंच नाही. शिक्षकाने म्हणायचं, 'पिळा. आता फक्त हातांनी नाही, पाठीने पिळा. आता तेच, पण हलकं करून बघा, काय होतं?' चाळीस पोरं चाळीस तऱ्हांनी पिळणार, आणि एकही चूक नाही. शिक्षकाचं काम नाचण्याचं उरलं नाही, ते बघण्याचं आणि नाव देण्याचं झालं. 'तुझं पिळणं शेवटी झटक्यात सुटतंय, ते मुद्दाम कर बरं.' हे वाक्य बोलायला सुडौल अंग लागत नाही. शब्द लागतात.

माझी एक मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर डिसेंबरात तिचा फोन. 'दादा, गॅदरिंगला कुठलं गाणं घेऊ? मला काही नाचता येत नाही रे, मोबाईलवरचा व्हिडिओ लावून बसवते.' हिरोइनच्या स्टेप्स दुसरीतली पोरं करणार, पुढच्या रांगेत चार चुणचुणीत मुली आणि मागे बाकीचा वर्ग. तिला मी हे आठ शब्द सांगितले. ती म्हणाली, 'शब्द छान आहेत. पण पहिल्या दिवशी पोरं दंगा करतील तेव्हा मी काय करू?'

तिचा प्रश्न बरोबर आहे, आणि इंग्लंडमध्येही तो लगेच उभा राहिला. लाबानचं पुस्तक वाचायला सोपं नाही. सोळा मोठे विषय, प्रत्येकाच्या पोटात पोटविषय. मॅन्युअल चांगलं असलं तरी मॅन्युअल वाचून कोणी सिस्टिम चालवायला शिकत नाही. लिसा उलमन यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी १९४६ साली मँचेस्टरला 'आर्ट ऑफ मूव्हमेंट स्टुडिओ' काढला (१९५३ साली तो सरे परगण्यातल्या ॲडलस्टोनला गेला), आणि शिक्षकांसाठी सुट्टीतले वर्ग घेतले. लाबानचं नाव सगळीकडे येतं, पण शिक्षक घडवण्याची हमाली बहुतांशी उलमन बाईंची, असं माझं मत झालंय.

दुसरीकडे बर्मिंगहॅममध्ये स्टुअर्ड स्ट्रीट नावाची एक शाळा होती. कारखान्यांच्या गर्दीत, सात ते अकरा वयाची गरीब वस्तीतली मुलं. हेडमास्तर ए. एल. स्टोन. १९४० ते ४८ या काळात, म्हणजे बाँबहल्ल्यांपासून पुढे, त्यांनी या शाळेत काय केलं ते त्यांनी स्वतः लिहिलं, आणि शिक्षण मंत्रालयाने १९४९ साली 'स्टोरी ऑफ अ स्कूल' या नावाने ती पुस्तिका छापली. स्टोन यांची शाळा कलांभोवती उभी होती आणि कलांच्या मुळाशी त्यांनी हालचाल धरली. अंग मोकळं झालं की चित्र, बोलणं, लिहिणं हे मागोमाग येतं, असा त्यांचा अनुभव. यातलं किती हालचालीमुळे आणि किती एका चांगल्या हेडमास्तरामुळे, हे वेगळं काढता येणार नाही. पण सरकारने एका मास्तराची हकीकत स्वतःच्या खर्चाने छापून देशभरच्या शिक्षकांपुढे ठेवली, हे मला विशेष वाटतं.

त्यानंतर १९५२ साली 'मूव्हिंग अँड ग्रोइंग' आणि १९५३ साली 'प्लॅनिंग द प्रोग्रॅम' ही मंत्रालयाची दोन पुस्तकं आली आणि १९३३ चे तक्ते इतिहासजमा झाले. नव्या पुस्तकांत हुकूम नाहीत, मुलांचे फोटो आहेत. चढणारी, लोंबकळणारी, उडी मारणारी, नाचणारी मुलं. पहिलं पुस्तक तर धडे देतच नाही, ते फक्त मुलं कशी हलतात हे बघायला शिकवतं. म्हणजे एका फटक्यात शिक्षकाच्या हातातली छापील वाक्यं गेली आणि 'तुम्हीच बघा, तुम्हीच ठरवा' असं आलं. काही शिक्षकांना पंख फुटले असतील. बाकीच्यांच्या पायाखालची जमीनच सरकली असणार.

ही जमीन परत घालून द्यायचं काम ज्या जागी सगळ्यात नीट झालं ती जागा म्हणजे यॉर्कशरचा वेस्ट रायडिंग परगणा. तिथे १९४५ ते १९७४ ॲलेक क्लेग शिक्षणाधिकारी होते. ब्रेटन हॉल त्यांचंच. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो वुली हॉल. वेकफिल्डजवळचीच दुसरी हवेली, १९५२ पासून नोकरीतल्या शिक्षकांसाठी निवासी वर्गांची जागा. पहिल्या प्रमुख डायना जॉर्डन, ज्यांनी १९३८ सालीच शिक्षणातल्या नृत्यावर पुस्तक लिहिलं होतं. स्टुअर्ड स्ट्रीटचे स्टोनही पुढे या परगण्यात शिक्षकांचे सल्लागार म्हणून आले. वुली हॉलला शिक्षकांनी भाषणं ऐकायची नसत. चित्र काढायचं, लिहायचं, आणि हो, हलायचं. पन्नाशीचे, पोट सुटलेले हेडमास्तर अनवाणी पायांनी जमिनीवर! पोरांना जी लाज वाटते ती आधी आपल्या अंगात अनुभवायची, ती जाते कशी तेही अनुभवायचं, मग वर्गात जायचं. आणि परत गेल्यावर अडलं तर सल्लागार शाळेत यायचे. दंगा झाला तर काय करू, हे विचारायला माणूस होता.

पुस्तकाची किंमत काही शिलिंग. हवेली, सल्लागार, शिक्षकाला वर्गातून काही दिवस मोकळं करणं, याची किंमत किती, याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

१९६७ साली प्राथमिक शिक्षणावरचा प्रसिद्ध प्लाउडन अहवाल आला आणि असल्या कामाला राजमान्यता मिळाली. पण आतून कुरबुरी सुरू झालेल्या होत्याच. स्त्रियांची शारीरिक शिक्षणाची कॉलेजं लाबानकडे झुकलेली, पुरुषांची मोजमाप, ताकद, खेळ यांकडे. दोघांत विस्तव जाईना. लाबानपंथीयांचीही चूक होती. शब्द हे साधन होतं, त्याचा जप झाला. टिचकी झाली, टिपणं झालं, पुढे काय? त्यातून नाच कधी बनणार, आणि मोठ्या नर्तकांचा नाच मुलं कधी बघणार? १९७० च्या दशकात बेट्टी रेडफर्न यांनी या कल्पनांची तर्कशुद्ध झाडाझडती घेतली. पुढे जॅकलिन स्मिथ-ऑटार्ड यांनी १९९४ च्या पुस्तकात मधला मार्ग मांडला, की मुलांनी नाच रचावा, करावा आणि बघावाही. मला हे पटतं. नुसतंच मोकळं हलणं काही दिवसांनी कंटाळवाणं होत असणार.

पण घात या टीकेने झाला नाही. १९७४ साली परगण्यांची फेररचना झाली आणि वेस्ट रायडिंग नकाशावरून गेला. त्याच दशकात कितीतरी शिक्षक-कॉलेजं बंद झाली किंवा दुसऱ्यांत मिसळली. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, आणि १९९२ साली नृत्य शारीरिक शिक्षणाच्या पोटातला एक भाग म्हणून अनिवार्य झालं. गंमत बघा, नाच सगळ्या प्राथमिक शाळांना बंधनकारक झाला तो त्याचे शिक्षक घडवणारी यंत्रणा विस्कटल्यावर! १९९८ साली वाचन आणि गणिताला वेळ हवा म्हणून असल्या विषयांच्या तपशिलातून शाळांना सूट मिळाली. २०१४ पासूनच्या अभ्यासक्रमात नृत्य अजून आहे, दोन टप्प्यांवर एकेक ओळ.

लंडन ऑलिंपिकनंतर, २०१३ पासून, प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा निधी मिळू लागला. २०१७ साली तो दुप्पट झाला, बहुतेक शाळांना वर्षाला १६,००० पौंड आणि वर मुलामागे १० पौंड. शिक्षकांचा आत्मविश्वास वाढवणं हा त्याचा एक जाहीर हेतू. प्रत्यक्षात अनेक शाळांनी बाहेरचा प्रशिक्षक तासावर बोलावला. तो तास घेतो, आणि वर्गाची शिक्षिका? बऱ्याचदा भिंतीला टेकून उभी, किंवा शेजारच्या खोलीत वह्या तपासत. पियानोच्या जागी ट्रॅकसूट आला, एवढंच.

काम सगळं वाया गेलं असंही नाही. लाबानच्या विद्यार्थिनी व्हेरॉनिका शेर्बोर्न यांनी मतिमंद आणि अपंग मुलांबरोबर हालचालीचं काम केलं, दोघादोघांनी एकमेकांना झुलवायचं, पाठीवर झेलायचं, ढकलायचं. त्यांचं पुस्तक १९९० साली आलं, आणि ती पद्धत आज कित्येक देशांतल्या शिक्षकांच्या हातात आहे.

शेजारच्या वेल्समध्ये २०२२ पासून प्राथमिक शाळांत नवा अभ्यासक्रम लागू झालाय. त्यात नृत्य शारीरिक शिक्षणाच्या पोटात नाही, चित्र, नाट्य, संगीत आणि चित्रपट-डिजिटल माध्यम यांच्या बरोबरीने कलांमध्ये आहे. काय काय शिकवायचं याचे बारीक तक्तेही नाहीत, ते ठरवायचं शाळेने. लाबान आणि उलमन १९४० साली ज्या न्यूटाउनला जाऊन राहिले, तिथल्या शाळांनाही हेच लागू. तिथल्या कुठल्या शिक्षिकेला शिकायला किती दिवसांची मोकळीक मिळते, हे पुढच्या वेळी तिकडे गेलो की विचारून येणार आहे.